बांगडी, भाकरी आणि वर्तुळ

जो विषय फळा आणि खडू यांवांचून शिकवूंच नये असें शिक्षकाला वाटतें, तोच विषय घेऊन मी आज ध्वनिक्षेपकापुढें बसलों आहें. येथें फळा नाहीं. आणि असता तरी तो आपणांस दिसला नसता. वर्गांत शब्द अडला कीं शिक्षक पाठमोरा होतो, एक आकृति काढतो आणि "ही पाहा त्रिज्या" असें म्हणून मोकळा होतो. ती सोय आज मला नाहीं. वर्तुळासंबंधींचे शब्द मला केवळ शब्दांच्याच साह्यानें आपल्यापुढें उभे करावयाचे आहेत. एका परीनें हें बरेंच झालें. हे शब्द आपण मुलांना देतों तेव्हां त्यांत कांहीं भरलेलें असतें कीं नाहीं, याची आज आपोआपच परीक्षा होईल.

तरीहि एक विनंति आहे. घरांत एखादें ताट, एक बांगडी, हातभर दोरा, कोरा कागद आणि एक पोस्टकार्ड हाताशीं असेल तर घेऊन बसावें. पांचवी-सहावींतलें एखादें मूल जवळ असेल तर त्यालाहि हांक मारावी. या भाषणाचा खरा श्रोता तेंच आहे. आपण व मी त्याचे पालक.

साधारणतः त्याच वयाच्या सुमारास शाळेंत वर्तुळाची शास्त्रोक्त ओळख होते. ती कशी होते? वहींत चार ओळी उतरवून दिल्या जातात. वर्तुळाच्या केंद्रापासून वर्तुळावरील कोणत्याहि बिंदूपर्यंतच्या रेषाखंडास त्रिज्या म्हणतात; वर्तुळावरील कोणतेहि दोन बिंदु जोडणाऱ्या रेषाखंडास जीवा म्हणतात; केंद्रांतून जाणाऱ्या जीवेस व्यास म्हणतात; आणि मग कंस, परिघ वगैरे मंडळी. मुलें त्या ओळी पाठ करतात. दुसऱ्या दिवशीं गुरुजी विचारतात आणि मुलें घडाघडा म्हणून दाखवितात. माझ्या नोकरीचीं पहिलीं कित्येक वर्षें मींहि असेंच शिकविलें, आणि व्याख्या आल्या म्हणजे वर्तुळ आलें, अशा समजुतींत सुखानें राहिलों. ती समजूत कशी मोडली तें आधीं सांगतों.

माझ्या वर्गांत एका सुताराचा मुलगा होता. भूमितीच्या तासाला तो तोंड उघडीत नसे. "त्रिज्या म्हणजे काय?" असें विचारलें कीं उभा राही आणि पायाच्या अंगठ्याकडे पाही. सहामाहींत व्याख्यांच्या प्रश्नाला मीं त्याला शून्य गुण दिले होते, आणि ते देतांना माझा हात मुळींच अडखळला नव्हता. पुढें एके दिवशीं शाळेंतील पाण्याच्या रांजणासाठीं नवें लांकडी झाकण आलें. तें गोल कापलेलें होतें, परंतु मूठ बसवावयाची राहिली होती. मूठ बसवावयाची तर बरोबर मध्यावर भोंक पाडावयास हवें. वर्गाची परीक्षा पाहण्यास ही नामी संधि आहे असें मनांत आणून मीं तें झाकण टेबलावर ठेवलें आणि वर्गांतील पहिल्या नंबरच्या मुलास पुढें बोलाविलें. त्याच्या व्याख्या माझ्यापेक्षांहि चोख होत्या. हातांत कंपास घेऊन तो त्या झाकणाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि अखेर अत्यंत नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, केंद्र दिलेलेंच नाहीं."

"आणखी कोणाला जमेल?" असें मीं विचारलें, तेव्हां वर्षांत प्रथमच त्या सुताराच्या मुलाचा हात वर झाला. तो आला. त्यानें टेबलावरचा माझा मोठा गुण्या उचलला आणि त्याचा काटकोनाचा कोपरा झाकणाच्या कांठावर टेकविला. गुण्याच्या दोन बाजू समोरचा कांठ जेथें ओलांडीत होत्या तेथें दोन खुणा केल्या व त्या एका रेघेनें जोडल्या. मग झाकण थोडें फिरवून तेंच पुन्हां केलें. दोन रेघा जेथें एकमेकींना छेदीत होत्या तेथें नखानें दाबून तो म्हणाला, "हितं."

मीं मोजून पाहिलें. चहूं बाजूंनीं अंतर सारखें होतें. "हें तुला कोणीं शिकविलें?" "आमचे आबा असंच करत्यात." "आणि ही रेघ कसली?" "आरपार रेघ," तो म्हणाला.

ती आरपार रेघ म्हणजे व्यास. आणि ज्या नियमाच्या बळावर ती निघाली, कीं अर्धवर्तुळांतील कोन काटकोन असतो, तो नियम ग्रीक लोक थेलीझच्या नांवावर सांगत आणि आमच्या शाळेंत तो त्यानंतर तीन-चार इयत्तांनीं यावयाचा होता. ज्याला व्यासाची व्याख्या येत नव्हती त्यानें व्यास काढून दाखविला. ज्याला ती येत होती त्याला केंद्र कोणीतरी देईपर्यंत हात हलवितां येईना.

मीं त्या मुलाला वर्गासमोर शाबासकी दिली. परंतु वार्षिक परीक्षेच्या पत्रिकेंत रांजणाच्या झाकणाचा प्रश्न नव्हता. सहा व्याख्यांचा होता, आणि ती पत्रिका मींच काढलेली होती. थोड्याशा गुणांनीं तो नापास झाला. पुढल्या जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. त्याच्या घरीं इतरहि कारणें असतील. तीं शोधून काढून स्वतःचें समाधान करून घेण्याचा प्रयत्न मीं पुष्कळ केला.

त्यानंतर मात्र मीं क्रम उलटा केला. आतां मी वर्तुळाच्या पहिल्या दिवशीं वर्गांतून मुलांना पटांगणांत नेतों. एक मुलगा खुंटी धरतो, दुसरा दोरीच्या टोंकाला खडू बांधून फिरतो. पहिलें वर्तुळ बहुधा बिघडतें, आणि तें बिघडणें फार मोलाचें असतें. "तूं दोरी ढिली सोडलीस," "तूंच खुंटी हलविलीस," असें भांडण सुरू होतें. त्या भांडणांत मुलें न कळत वर्तुळाचें सारें मर्म बोलून जातात: खुंटी हलतां कामा नये आणि दोरी लहान-मोठी होतां कामा नये. एकदां हें त्यांच्या तोंडून बाहेर पडलें कीं मग त्या खुंटीच्या जागेला आणि त्या ताणलेल्या दोरीला नांव हवेंसें वाटूं लागतें. भांडणालासुद्धां शब्द लागतात. अशा वेळीं मी हळूच सांगतों, कीं खुंटीची जागा तें केंद्र आणि दोरी ती त्रिज्या.

यांत माझें असें नवीन कांहींच नाहीं. युक्लिडनें ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथांत वर्तुळाचें लक्षण दिलें, तेव्हां त्यानेंहि आधीं वस्तु सांगितली. आंत असा एक बिंदु आहे कीं तेथून कांठापर्यंतच्या सर्व रेषा सारख्या आहेत, एवढें सांगून झाल्यावर पुढल्या लक्षणांत तो म्हणतो, त्या बिंदूला केंद्र म्हणतात. आणखी एक गंमत अशी, कीं त्रिज्येला युक्लिडपाशीं स्वतंत्र असा एक शब्दच नाहीं. तो 'केंद्रापासूनची रेषा' एवढेंच म्हणतो, आणि तेवढ्यावर त्याचें सर्व काम भागतें. आम्ही मात्र दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच तासाला सहा नांवें देतों.

आतां बांगडी हातांत घ्यावी. मुलाला म्हणावें, "हिचें केंद्र बोटानें दाखव." तें बोट बांगडीच्या पोकळींत घालील आणि बावरेल, कारण बोटाला कांहींच लागणार नाहीं. केंद्र तेथें आहे, पण बांगडी तेथें नाहीं. आजच्या पुस्तकांत वर्तुळ म्हणजे ती कडेची रेषा. आंतला भाग हा वर्तुळाचा आंतरभाग, वर्तुळ नव्हे. म्हणून वर्तुळाचें केंद्र वर्तुळावर नसतें. ही गोष्ट वहींतल्या आकृतीवरून मुलांच्या गळीं उतरत नाहीं. कागदावर केंद्राचा ठिपका ठसठशीत काढलेला असतो, आणि जो ठिपका आकृतींत दिसतो तो आकृतीचाच असणार असें त्यांना वाटतें. बांगडीनें हा भ्रम एका क्षणांत जातो. वर्तुळ म्हणजे बांगडी, भाकरी नव्हे, हें मुलें पुन्हां कधीं विसरत नाहींत. आतां एखादें मूल हट्टानें म्हणेल, कीं माझ्या मनांत गोल म्हटलें कीं भाकरीच येते. त्याला रागावूं नये. युक्लिडहि भाकरीच्याच पक्षाचा होता. कडेच्या रेषेनें वेढलेल्या सबंध आकृतीला तो वर्तुळ म्हणे. कोणता अर्थ घ्यावयाचा हा ठरावाचा प्रश्न आहे. मात्र एकदां ठरविल्यावर तासाच्या मध्येंच तो बदलतां कामा नये, आणि तो बदलण्याचा दोष मुलांपेक्षां आम्हां शिक्षकांकडूनच अधिक वेळां घडतो.

दुसरा घोटाळा आपल्या भाषेनेंच करून ठेवला आहे. "वर्तुळाला त्रिज्या किती?" या प्रश्नाला कोणी "पांच सेंटिमीटर" म्हणेल आणि कोणी "असंख्य" म्हणेल, आणि दोघेहि बरोबर असतील, कारण 'किती' हा शब्द मोजण्यालाहि चालतो आणि मापण्यालाहि. त्रिज्या हें त्या रेषाखंडाचेंहि नांव आहे व त्याच्या लांबीचेंहि. रेषाखंड पाहिजे तितके काढतां येतात, लांबी मात्र एकच. दोरीचें वर्तुळ काढलेल्या मुलाला हें समजावून द्यावें लागत नाहीं. दोरी सर्व दिशांना फिरली आणि ती एकच दोरी होती, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

शब्दांच्या पोटांत काय आहे तें आतां थोडें उलगडून पाहूं. मुलांना या शब्दांचें पहिल्यानें हसूंच येतें. 'कंस' म्हटलें कीं मागल्या बांकावरून कोणी तरी कृष्णाच्या मामाचें नांव घेतो. बीजगणितांतले कंस त्यांना आधींच भेटलेले असतात, तेव्हां हा तिसरा कंस कोठून आला असें त्यांना वाटतें. 'व्यास' म्हटलें कीं महाभारतकार आठवतात. हें हसणें दाबून टाकूं नये, त्याचा उपयोग करून घ्यावा. व्यास या शब्दाचा मूळ अर्थ विस्तार, फांकून ठेवणें. ज्यांनीं वेदांचा पसारा विभागून लावला ते व्यास, आणि वर्तुळाचा एका कांठापासून समोरच्या कांठापर्यंतचा विस्तार तोहि व्यासच. दोघांची नांवें एकाच धातूपासून निघालीं आहेत. 'केंद्र' हा शब्द तर आपल्या ज्योतिष्यांनीं ग्रीकांपासून घेतला. ग्रीक भाषेंत 'केंट्रॉन' म्हणजे टोंचणारें टोंक, बैलाला टोंचावयाची पराणी. त्यावरून कंपासाचा जो पाय एके जागीं रुतून बसतो त्याचें टोंक. ज्या मुलानें कंपासाचें टोंक वहींत रुतवून मागच्या पांच पानांना भोंक पाडलें असेल त्याला हा अर्थ आयुष्यभर लक्षांत राहील.

पण खरी मौज जीवेची आहे. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाच्या कडेचा एक तुकडा घ्या आणि त्याचीं दोन टोंकें सरळ रेषेनें जोडा. तुमच्यापुढें धनुष्य उभें राहील. वांकडा भाग तें धनुष्य, म्हणून त्याला आपले पूर्वीचे गणिती चाप किंवा धनु म्हणत. सरळ भाग ती दोरी, म्हणजे ज्या किंवा जीवा. आणि दोरीच्या मध्यावरून चापाच्या मध्यापर्यंत जी रेघ जाईल तो बाण, म्हणजे शर. तीन शब्दांचें एक संपूर्ण चित्र होतें. आजच्या शालेय पुस्तकांनीं त्यांतली दोरी तेवढी ठेवली, धनुष्याच्या जागीं कंस आणून बसविला आणि बाण पार टाकून दिला. उरलेल्या एकट्या दोरीला मुलें 'जिवा' म्हणून ओळखतात आणि तिचा जिवाशीं काय संबंध असेल याचा विचार करीत बसतात.

बाण टाकल्यानें काय हरवलें तें पाहा. पुढच्या इयत्तांत एक प्रमेय येतें, कीं केंद्रापासून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. मुलांना तें रुक्ष वाटतें. परंतु धनुष्य हातांत घेतलेलें मूल बाण कोठें लावतें? दोरीच्या बरोबर मध्यावर. आणि तो दोरीशीं काटकोनांत धरतें. मग त्याच रेषेंत दोरी मागें खेंचते. त्या मागच्या बाजूला ती बाणाची रेषा वाढवीत नेली कीं तिच्यावर केंद्र सांपडतें. दसऱ्याच्या सुमारास बांबूच्या कामट्यांचीं धनुष्यें करून रामलक्ष्मण झालेल्या मुलांनीं हें प्रमेय हातांनीं सिद्ध केलेलेंच असतें. सिद्धता लिहिण्यापूर्वीं त्यांना त्याची आठवण करून देणें एवढेंच उरतें.

याच चित्रांतून एक जुनें भांडण मिटतें. "व्यास ही जीवा आहे काय?" असें वर्गांत विचारलें कीं अर्धा वर्ग "नाहीं" म्हणतो. दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या आहेत, तेव्हां वस्तुहि वेगवेगळ्याच असणार, असा तो सरळ हिशेब असतो. अशा वेळीं ताटाच्या वर्तुळावर दोरा आडवा ताणून तो कडेकडून हळूहळू मध्याकडे सरकवावा. दोरा वाढत जातो, मध्यावर सर्वांत लांब होतो आणि पलीकडे पुन्हां आंखडूं लागतो. ती सर्वांत लांब जीवा म्हणजेच व्यास. दोरा एकदां असा सरकविला कीं मुलें स्वतःच सांगतात, कीं व्यास ही जीवाच, पण सर्व जीवांत थोरली.

आणि त्रिज्या? या शब्दांत 'त्रि' म्हणजे तीन हें सर्वांना दिसतें. तीन काय, हें विचारलें कीं शिक्षकहि गप्प होतात. मी स्वतः कित्येक वर्षें गप्प होतों. उत्तर पंचांगांत आहे. आकाशांतील वर्तुळाच्या बारा राशि. प्रत्येकी तीस अंश. तीन राशि म्हणजे नव्वद अंश. आपल्या गणित्यांना ग्रहगणितासाठीं अर्ध्याच दोरीचें काम पडे, म्हणून ते अर्ध्या दोरीलाच ज्या म्हणूं लागले. आतां धनुष्य वांकवीत वांकवीत अर्धवर्तुळाएवढें करा. दोरी केंद्रांतून जाईल, म्हणजे ती व्यास होईल. तिचें अर्ध म्हणजे केंद्रापासून कांठापर्यंतचें अंतर. आणि त्या अर्ध्या दोरीच्या वाट्याचें चाप नव्वद अंशांचें, म्हणजे तीन राशींचें. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. लॅटिन भाषेंत हिलाच 'रेडियस' म्हणतात, आणि त्याचा एक अर्थ चाकाचा आरा असा आहे. त्यांनीं चाक पाहून नांव दिलें, आम्हीं आकाश पाहून.

या ज्येचा पुढचा प्रवास मुलांना गोष्टीसारखा सांगावा. 'जीवा' अरबी गणित्यांकडे गेली तेव्हां त्यांनीं ती 'जीब' अशी उच्चारानुरूप लिहिली. अरबी लिपींत स्वरांचीं चिन्हें बहुधा गाळतात, त्यामुळें पुढल्या वाचकांनीं तीच अक्षरें 'जैब' अशीं वाचलीं. आणि 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी, उराजवळचा खोलगट भाग. बाराव्या शतकांत लॅटिन भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा आपला शब्द घातला, 'सायनस'. तोच आज त्रिकोणमितींतील 'साइन' झाला आहे. धनुष्याची दोरी एवढा प्रवास करून परत आमच्याच शाळेंत आली आणि आम्हीं तिला ओळखलें नाहीं.

परिघाविषयीं फार बोलत नाहीं. ज्यांनीं लांकडी चाकाच्या बैलगाडीला धाव चढवितांना लोहार पाहिला असेल त्यांना परिघ समजावून द्यावा लागणार नाहीं. लोहार चाकावर एक खूण करी आणि चाक लोखंडी पट्टीवरून एकदांच गडगडवी. खूण पुन्हां खालीं आली कीं तेथपर्यंतची लांबी म्हणजे परिघ. मग जोडाची लांबी धरूनहि कडें चाकाहून किंचित् लहानच होईल अशा बेतानें तो पट्टी कापी, कडें वळवून लाल होईपर्यंत तापवी, आणि तें तापून फुगलें असतां चाकावर चढवून वर पाणी ओती. कडें आवळून चाकाला घट्ट धरी. शहरांतील मुलाला हें आतां दिसणें कठीण आहे, पण डब्याचें झाकण तर घरांत असतें. तें पट्टीवरून एकदां फिरवावें आणि त्या लांबींत झाकणाचा व्यास किती वेळां बसतो तें त्यालाच मोजूं द्यावें. तीन वेळां बसून वर थोडेंसें उरेल. तें 'थोडेंसें' किती, याचा शोध माणसें फार जुन्या काळापासून करीत आलीं आहेत. इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें वीस हजार व्यासाला ६२८३२ परिघ सांगितला आणि तो जवळपासचा आहे असेंहि स्वच्छ सांगून टाकलें. भास्कराचार्यांनीं ढोबळ कामाला बावीस सप्तमांश आणि सूक्ष्म कामाला १२५० ला ३९२७ असें प्रमाण दिलें. मुलाच्या झाकणावरून सप्तमांशाच्या आसपास कांहीं निघालें तरी पुष्कळ झालें. 'पाय' हें चिन्ह त्यानंतर दाखवावें. आधीं दाखविलें तर मूल मोजणार नाहीं.

स्पर्शिका आणि छेदिका यांना त्यांचीं नांवेंच पुरतात. एक शिवते, दुसरी कापून जाते. वर्तुळपाकळी हा शब्द ज्या कोणीं केला त्याचे मात्र आभार मानावे. दोन त्रिज्या आणि एक कंस यांमधल्या तुकड्याला इतकें गोजिरें नांव मीं इतर भाषांत ऐकलेलें नाहीं.

आतां ताट कागदावर पालथें घाला आणि त्याच्या भोंवतीं पेन्सिल फिरवा. वर्तुळ झालें, पण केंद्र नाहीं. पोस्टकार्डाचा कोपरा त्या रेषेवर टेकवा, कार्डाच्या दोन कडा पट्टीनें पुढें वाढविल्यावर समोरची रेषा जेथें ओलांडतील तेथें खुणा करा, आणि खुणा जोडा. कार्ड दुसऱ्या जागीं टेकवून पुन्हां तसेंच करा. दोन आरपार रेघा मिळतील आणि त्या जेथें छेदतील तेथें केंद्र. मुलाला हें सांगूं नका. ताटाचें वर्तुळ आणि कार्ड त्याच्यापुढें ठेवून केंद्र काढावयास सांगा, आणि आपण दुसऱ्या खोलींत जा. त्याला एक संध्याकाळ लागेल, कदाचित् चार लागतील. एखाद्याला धनुष्य आठवेल आणि तो दोन जीवा काढून त्यांच्या मध्यांवरून बाण मागें खेंचील; तीहि रीत बरोबरच आहे.

शेवटीं एक घरची गोष्ट. बांगडी विकत घेतांना माप सांगतात तें आपण ऐकलें असेल: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सहा षोडशांश. हें माप बांगडीच्या आंतल्या व्यासाचें. म्हणजे कासाराच्या दुकानांत ज्या बायका बसतात त्या सगळ्या व्यासांत बोलत असतात, आणि त्यांतल्या कित्येकींना शाळेंत व्यासाची व्याख्या पाठ झाली नव्हती.

आमच्या घरीं एकदां नातीच्या हातून तिच्या आजीची कांचेची बांगडी निसटून फरशीवर पडली. "फुटली!" असें ती ओरडली. बांगडी फुटली असें म्हणावयाचें नसतें, वाढली म्हणावयाचें असतें, हें आजीनें तिला तिथल्या तिथें बजावलें. मापाची दुसरी बांगडी आणावयाची होती, पण माप आजीला आठवेना. हातांत एक वांकडा तुकडा तेवढा राहिला होता. मीं नातीला म्हटलें, "हें धनुष्य आहे. आंतल्या बाजूनें दोरी आणि बाण मोज." तिनें तुकडा कागदावर ठेवून आंतली कड आंखली आणि पट्टीनें मापलें. दोरी भरली छत्तीस मिलिमीटर, बाण भरला सहा.

यापुढची रीत इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं लीलावतींत दिली आहे. अर्ध्या जीवेचा वर्ग करावा, त्याला शरानें भागावें, आणि आलेल्या भागाकारांत शर मिळवावा, व्यास येतो. त्यांनीं तेथें दहा व्यासाच्या वर्तुळांत सहाची जीवा घेऊन शर विचारला आहे, आणि तो एक येतो. जीवा व शर यांवरून उलट व्यासहि विचारला आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें मठ स्थापिल्याचा इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. आमच्या बांगडीचें प्रमाणहि योगायोगानें तेंच पडलें होतें, सहास एक.

नातीनें अठराचा वर्ग केला, तीनशें चोवीस. सहानें भागले, चौपन्न. सहा मिळविले, साठ. साठ मिलिमीटर म्हणजे इंचांच्या हिशेबानें दोन आणि वर सहा षोडशांश, अगदीं केसभर कमी. "आजी, तुझी बांगडी दोन-सहाची होती," तिनें सांगितलें. आजीनें दुसऱ्या हातांतली बांगडी काढून तिच्यापुढें ठेवली, तिनें मापली, ती दोन-सहाचीच निघाली. एवढ्याशा तुकड्यावरून ही सबंध बांगडी कशी काय काढलीस, असें विचारीत आजीनें तो कागद हातांत घेतला. नातीनें त्यावर तुकड्याचीं दोन्ही टोंकें कंपासानें पुढें नेत नेत पुरतें वर्तुळ काढून ठेवलें होतें.

"म्हणजे ही खरोखरच वाढली म्हणायची," आजी म्हणाली.